इंगवले-तळेगावकर

९ ऑक्टोबर १९६९, गुरुवार

जिंकलो! दोन्ही फेऱ्या जिंकलो! सकाळची पण आणि दुपारची पण!

काय ती गर्दी! मैदानात मंडप, मंडपात बत्तीस सतरंज्या, दर सतरंजीवर चार माणसं. चौसष्ट जोड्या! एवढी माणसं एका वेळी मेंढीकोट खेळताना मी जन्मात पाहिली नव्हती. गुरुवारी सगळ्या कंपन्यांना सुट्टी, आणि सुट्टीला माणसानं करायचं काय? बायकोची बोलणी खायची नाहीतर पत्ते खेळायचे.

आम्ही आपले सायकल स्टँडच्या पत्र्याखाली खेळणारे. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत भाकरी संपवायची आणि उरलेल्या वीस मिनिटांत जमतील तेवढे डाव. इथं आमची काय डाळ शिजणार, असं वाटत होतं. पत्ते वाटायची इतकी घाई केली, की पहिल्याच डावात एक पान उलटं पडलं – इस्पिकची राणी. समोरचा म्हणतो, 'पावनं, बाईमाणूस हाय, जरा झाकून वाटा!' सगळे हसले. मीही हसलो. मग पानं नीट पडू लागली.

हिंदुराव जसाच्या तसा. एकदा मांडी घातली की त्याला मंडप काय आणि सायकल स्टँड काय. आठ वर्षांचा भिडू माझा! आमच्यात खुणा नाहीत हां. खुणा करणारी एक जोडी आज पहिल्याच फेरीत बाहेर काढली – एकजण सारखा कान खाजवत होता. आम्हाला कान लागत नाहीत. माझ्यानंतर हिंदुराव खेळणार असला, की मी डोळे मिटून मेंढी टाकतो. एक्का त्याच्याकडे आहे हे मला आतून कळतं. कसं, ते मलाही सांगता येणार नाही.

एक गंमत राहिली. पंचांनी नावं पुकारली – 'इंगवले-तळेगावकर!' मी आपला इकडंतिकडं बघतोय, हा तळेगावकर कोण? हिंदुरावनं कोपर मारलं – 'ऊठ की लेका, तूच!' अर्ज त्यानं भरला होता, मी तेव्हा सेकंड शिफ्टला होतो. म्हणे, यादीत दुसरा एक ज्ञानदेव आहे, घोटाळा नको म्हणून गावाचं नाव घातलं. 'तळेगावचाच न्हवं का तू?' आहे खरा. पण तळेगावकर! कुणी नाटक कंपनीतला पेटीवाला वाटतो.

१० ऑक्टोबर

सेकंडचा सायरन व्हायच्या आत सगळ्या ड्रिल सेक्शनला कळलं होतं. 'काय ओव्हाळ, तळेगावकर कधी झालास?' म्हटलं, इंगवलेला विचारा, बारसं त्यानं केलंय. सगळे हसले. शेजारच्या मशीनवरचा जयसिंग तेवढा हसला नाही. पण तो तसा हसतच नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

जाई म्हणाली, 'येवढं काय हाय त्या पत्त्यात? मलाबी सांगा.'

मग बसलो शिकवायला. दहाचं पान म्हणजे मेंढी. मेंढ्या चार. समोरासमोर बसतात ते भिडू. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या घेतल्या त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या, तर ज्यांचे हात जास्त त्यांचा. चारही घेतल्या की कोट! आलेल्या रंगाचं पान जवळ असेल तर तेच टाकायचं, नसेल तर हुकमानं कापायचं. बोलायचं नाही, खुणावायचं नाही. ती म्हणाली, 'मंजी आपल्या मानसाच्या हातात काय हाय, ते न बघता वळखायचं?' एका वाक्यात सांगितलं बाईनं! मला नसतं सांगता आलं.

तिचा वर्ग चांगला चाललाय. विहारात आठवड्यातून तीनदा बायकांना शिकवतात. आता पूर्ण नाव लिहिते – जाईबाई ज्ञानदेव ओव्हाळ. त्या 'व्हा'नं तिला पंधरा दिवस छळलं. मी म्हटलं, मलाही शाळेत छळलं होतं, घराण्याचंच दुखणं आहे ते. मग हसली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सोळांत होतो, आता आठांत! आणि कोट दिला – कोट! खडकीच्या एका कारखान्यातली जोडी होती, दोघे फोरमन, पांढरे शर्ट. एक तर खेळताना घड्याळाकडे बघत होता. बघ म्हटलं, बघ. चौथी मेंढी किलवरची. मी टाकली तेव्हा हिंदुरावचं पान अजून यायचं होतं. बघणाऱ्यांतला एकजण 'अरे अरे!' म्हणाला, आणि हिंदुरावनं सावकाश हुकूम ठेवला. कापली! मंडपात आरडाओरडा. 'वा रे तळेगावकर! वा!' कुणीतरी माझी पाठ थोपटली.

चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू? नाव कुणाचं का असेना, पाठ माझीच होती.

१७ ऑक्टोबर

जयसिंगनं पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. म्हणाला, 'यादी वाचलीस का भावा? मंडपाच्या खांबाला लावलीय. एकशे अठ्ठावीस नावं हायेत. दुसरा ज्ञानदेव कुठाय त्यात?'

म्हटलं, असेल कुठं तरी. तो म्हणाला, 'म्या दोनदा वाचली.' आणि मशीनवर गेला.

मला त्याचा राग आला. माणसाला जरा काही चांगलं मिळालं, की याच्या पोटात दुखतं. आमचाच माणूस, आणि आनंद बघवत नाही! हिंदुरावला काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

१८ ऑक्टोबर

यादी मी वाचायला गेलो नाही. हे लिहून ठेवतो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

जिंकलो. चारांत आलो.

मॅच संपल्यावर मुख्य पंच जवळ आले. सोपानराव म्हणतात त्यांना – म्हातारे, धोतर-टोपी, डोळे घारीसारखे. एवढ्या बत्तीस सतरंज्यांत कोण पान लपवतो, हे त्यांना लांबून दिसतं. म्हणाले, 'तळेगावकर, येक इचारू? मी जल्मानं तळेगावचा. आमच्या तळेगावात तळेगावकर कुनी न्हाई. गावात ऱ्हानारा गावाचं नाव कशाला लावंल? गाव सोडल्याला लावतो. तुमी कुनापैकी?'

कुणापैकी. किती गोड शब्द आहे! चहा विचारावा तसा विचारतात.

मी म्हणालो, 'स्टेशनकडचे.'

'आस्सं. स्टेशनकडचं.' मान हलवली आणि गेले. वाईट वाटण्यासारखं काही बोलले नाहीत. अख्ख्या मॅचमध्ये आला नाही एवढा घाम मला त्या एका मिनिटात आला. खोटं बोललो नाही मी, आमचं घर स्टेशनकडेच होतं. पण खरंही बोललो नाही, आणि का बोललो नाही ते मला माहीत आहे. हिंदुराव तिथंच उभा होता. चपला शोधत होता. बराच वेळ शोधत होता.

येताना खांबावरची यादी वाचली. दुसरा ज्ञानदेव नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

हँडबिलं वाटली. गुलाबी कागद. शेवटच्या चार जोड्यांची नावं मोठ्या ठशात, खाली 'अंतिम सामना म्हाळुंगे मुक्कामी, देवळासमोर, श्री. अण्णासाहेबांच्या वडिलांच्या स्मरणार्थ' वगैरे. मी हँडबिल घडी करून खिशात ठेवलं होतं. शर्ट धुवायला काढताना जाईला सापडलं.

तिला कोण आनंद! छापलेल्या कागदावर नवऱ्याचं नाव! दाराशी उजेडात बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली. 'मेंढी... कोट. इंग... वले. ज्ञान... देव.' मग थांबली. परत पहिल्यापासून. मी चहा पीत होतो. म्हणाली, 'आवो, ज्ञानदेवच्या फुडं काय हाय? मला ओव्हाळ लागंना.'

मी कप खाली ठेवला.

'माजंच चुकतंय का काय कोन जानं. ह्यो त हाय, ह्यो ळ हाय... व्हा कुठं हाय?' आणि डोळे बारीक करून परत वाचायला लागली. तिला वाटलं, तिलाच वाचता येत नाही!

मी म्हणालो, छापखान्याची चूक आहे.

२६ ऑक्टोबर

काही लिहावंसं वाटत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सायकल स्टँडखाली हिंदुरावला एकट्याला गाठलं. हँडबिल पुढं धरलं. दुसरा ज्ञानदेव कुठाय, विचारलं.

आधी हसला. मग विडी पेटवली. मग म्हणाला, 'आरं, फायनल खेड्यात हाय. देवळाम्होरं. आन्नासायबांकडं जेवान. कुनी तुला कायतरी बोललं आसतं, तर मला सोसलं नसतं. म्हनून फॉर्म भरताना सुचलं तसं लिवलं.'

'मला विचारायचंस.'

'इचारलं आसतं तर तू खेळला नसतास.'

हे खरं आहे. तेवढं ओळखतो तो मला, आणि ओळखतो म्हणूनच जास्त लागलं.

'आन खोटं काय हाय त्यात? गाव तुजंच हाय का न्हाई?' – हे दोनदा म्हणाला.

म्हटलं, 'हिंदुराव, तू माझ्या घरी जेवतोस. परवा जाईच्या हातचं सुकट मागून मागून खाल्लंस.'

'खाल्लं की! फुडच्या आयतवारी परत खाईन! मला काय न्हाई रं, मला कवाच काय न्हवतं. मी लोकांचं म्हनतो.' डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. खरं पाणी. मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याचं पाणी बघवतही नव्हतं.

सायरन झाला. म्हणाला, 'दोन मॅचा राहिल्यात. मग सांगू सगळ्यांना. आत्ता मोडू नगं, राव.' मी बरं म्हणालो. मला पण जिंकायचं होतं. हे दुसरीकडे कुठं लिहिणार? मला पण जिंकायचं होतं!

२८ ऑक्टोबर

जाईला खरं सांगितलं. तिनं वहीत तीनदा नाव लिहिलं, तिन्ही वेळा 'व्हा' बरोबर, आणि वही मिटून भाकऱ्या करायला उठली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

जिंकलो. फायनल.

कुणी पाठ थोपटली की अंग चोरून घेत होतो.

२ नोव्हेंबर, रविवार

हिंदुराव चकल्यांचा डबा घेऊन आला. कुसुमताईंनी पाठवला. निरोप – ज्ञानूभाऊंना म्हणावं, भाऊबीजेला औंदा लवकर या, गेल्या वर्षी दिवेलागण केलीत. ताई म्हणजे हिंदुरावची बायको. नात्यानं वहिनी, पण त्यांना सख्खा भाऊ नाही, म्हणून पहिल्याच दिवाळीला त्यांनी मला पाटावर बसवलं आणि ओवाळलं. तेव्हापासून ताई. सणवार आम्ही सोडले, धर्म बदलला तेव्हाच सोडले, पण ताईंची भाऊबीज मी सोडली नाही. जाईही कधी नको म्हणाली नाही.

डबा बघून डोक्यात उजेड पडला. हिंदुराव घाबरतो कशाला? त्याच्या स्वतःच्या घरात, चुलीपासून चार हातांवर, मी आठ वर्षं जेवतो. ताई साताऱ्याकडच्या खेड्यातल्या, देवधर्म करणाऱ्या, कडक उपास धरणाऱ्या. त्यांना काही वाटलं नाही! तिथं कुठं होता तळेगावकर? मग म्हाळुंग्याच्या लोकांचं भय कशाला? हिंदुरावला त्याच्याच बायकोचं मोठेपण दिसत नाही, दुसरं काय.

ठरलं. फायनलला मी माझं नाव सांगणार. आडनाव तेवढंच आलंय बापाकडून. जमीन नाही, घर नाही. खंडू ओव्हाळ मेला तेव्हा त्याच्या नावावर नाव सोडून काही नव्हतं. ते मी दोन घड्याळांसाठी पुसू? लंबकाची घड्याळं आहेत बक्षिसाला, भिंतीवरची. नकोत मला. नाव सांगितल्यावर हिंदुराव माझ्यासमोर मांडी घालून पहिल्यासारखा खेळला, की बस. मग हरलो तरी चालेल.

त्याला आधी सांगणार नाही. आधी सांगितलं तर रडेल, आणि मी परत बरं म्हणेन.

६ नोव्हेंबर, गुरुवार

घरी आलो. पाय धुतले. जाईला तोंडावरूनच कळलं असणार. सगळं लिहितो, नाहीतर झोप येणार नाही.

सकाळी सायकलींवर निघालो दोघे. ऊन छान होतं, शेतांत कांद्याची लागण चाललेली. हिंदुराव मजेत होता, शीळ घालत होता. देवळासमोर मंडप, मधोमध एकच सतरंजी, भोवती पाचशे तरी माणसं. झाडावर पोरं. कर्णा. एवढ्या माणसांनी मला बघायला जमावं, असं आयुष्यात परत होणार नाही.

समोरची जोडी चाकणचे सख्खे भाऊ, कांद्याचे व्यापारी. थोरला ज्योतीराम – जाडजूड, हसरा. पाया पडल्यासारखं वाकून म्हणाला, 'पावनं, आज जरा सांभाळून घ्या.'

सोपानराव वही घेऊन कर्ण्यापाशी उभे राहिले. 'हिंदुराव इंगवले आणि ज्ञानदेव तळेगावकर!' टाळ्या. मी उठलो. म्हणालो, 'पंच, नाव चुकलंय. ज्ञानदेव खंडू ओव्हाळ.'

कर्णा चालू होता. साऱ्या मंडपात गेलं – ओव्हाळ.

सोपानरावांनी चष्म्यावरून बघितलं. 'ओव्हाळ. ओ आधी ना? मग व्हा?' खोडलं, लिहिलं. 'आस्सं. स्टेशनकडचं ओव्हाळ. खंडू माज्या वळखीचा.' एवढंच! यजमान अण्णासाहेब खुर्चीवर होते, ते म्हणाले, 'बसा, बसा. वेळ होतोय.' ज्योतीराम पत्ते पिसत होता तो पिसतच राहिला. मागच्या रांगेतून दोन माणसं उठून गेली. माझ्यामुळे गेली की पानाची पिंक टाकायला गेली, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. पण छप्पर कोसळलं नाही!

मी हसत हिंदुरावकडं वळलो. त्याचं तोंड पांढरंफटक. माझ्याकडं बघेचना. मांडी घातली खरी, पण अंग चोरून, सतरंजीच्या कडेला. म्हणाला, 'हे काय केलंस?' दात आवळून. पाचशे माणसांना काही झालं नव्हतं. त्याला झालं होतं.

अकरा डाव. आम्ही खेळलो. कसं म्हणू? पानं पडत होती. आठ वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्या हातात काय आहे ते कळेना. प्रत्येक पानाला विचार करत होतो – हे त्यानं का टाकलं? रागानं? लवकर संपवायला? तरी पाच-पाच झाले. शेवटचा डाव.

त्यांच्या दोन मेंढ्या, आमची एक. चौथी, बदामची, माझ्या हातात. हात आमचे सहा, त्यांचे चार. तीन-तीन पानं उरली होती. ती मेंढी आमची झाली की दोन-दोन, आणि जास्त हात आमचे – मॅच आमची. ज्योतीराम बदामचा राजा खेळला. माझी पाळी. हातात बदाम दोन, मेंढी आणि पंजी. एक्का अजून आला नव्हता. धाकट्या भावाकडे असेल, नाहीतर हिंदुरावकडे.

सायकल स्टँडखाली असतो तर विचारही केला नसता. आज मी हिंदुरावकडं बघितलं. तो पत्त्यांकडं बघत होता.

मी पंजी टाकली.

धाकट्यानं सत्ती टाकली. हिंदुरावनं एक्का ठेवला.

पुढचा हात त्यांनी घेतला. शेवटच्या हाताला बदामची राणी आली. माझ्याकडं एकच पान उरलं होतं.

ज्योतीरामनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. 'लई चांगला खेळलात, ओव्हाळ,' म्हणाला. ओव्हाळ म्हणाला! मग पंगत बसली. मला कुणी अडवलं नाही. अण्णासाहेबांनी स्वतः बोलावलं. मी बसलो, शेजारची पत्रावळ हिंदुरावसाठी धरून ठेवली. तो आला नाही. सायकलीपाशी जाऊन उभा राहिला. भूक नाही म्हणाला. त्या पत्रावळीवर शेवटी कुणी म्हातारा बसला. मी जेवलो. काय जेवलो आठवत नाही.

येताना अर्ध्या रस्त्यापर्यंत नुसत्या सायकली मारल्या. मग म्हणाला, 'येक्का होता माज्याकडं. मेंढी का न्हाई टाकलीस?'

मी म्हणालो, 'तुझा भरवसा वाटला नाही.'

त्यानं पायडल जोरात मारलं आणि पुढं गेला. मी गाठायला गेलो नाही. रडू आलं, चालत्या सायकलीवर. वाऱ्यानं आपोआप वाळलं.

७ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत हिंदुराव टर्निंगवाल्यांच्या टोळीत बसला होता. पत्ते वाटत होता. मी भाकरी खाल्ली आणि आत गेलो.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी. बाजारपेठेकडून फटाक्यांचे आवाज येतात. जाई म्हणाली, 'तुमी त्यांच्याशी येकदा बोला.' म्हटलं, काय बोलू? एक्का त्याच्याकडं होता, ही माझी चूक. बाकीची कुणाची?

खरं सांगायचं तर जीव तुटतो. आठ वर्षं रोजची वीस मिनिटं होती ती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊबीज. जाई सकाळीच देहूरोडला भावाकडं गेली. मी मुद्दाम ओव्हरटाइम मागून घेतला. ताई वाट बघत असतील, हे दिवसभर डोक्यात. पण हिंदुरावच्या समोर त्या पाटावर बसायचं कसं? परवा सुट्टीला जाऊन येईन, तो घरी नसताना. ताईंच्या पाया पडेन. त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. त्या घरात मला ओळखणारं एक तरी माणूस आहे.

१२ नोव्हेंबर

नळावर शेजारच्या मंजुळाबाई म्हणाल्या, 'काल दुपारी येक बाई आलती. नवं लुगडं, ताटावर रुमाल, उन्हानं त्वांड लाल झाल्यालं. तळेगावकर कुठं ऱ्हात्यात म्हनून समद्या चाळी हिंडली. आट वर्सं माजे भाऊ भाऊबीजंला येत्यात, औंदा आलं न्हाईत, आजारी तर न्हाईत न्हवं, म्हनली. म्या सांगितलं, तळेगावकर कुनी न्हाई हितं. ज्ञानदेव हायेत येक, पन ते ओव्हाळ. तर म्हनली – न्हाई वो, ते न्हवं. माजे भाऊ तळेगावकर. आन गेली माघारी.'

फॉर्म भरताना सुचलं, म्हणाला होता.

आठ वर्षं ताई ओवाळत होत्या. मला नाही.